स्वातंत्र्याची किंमत मोजणारा मजूर नेता : सर शिवसागर रामगुलाम

हिंदी महासागरातील मॉरिशस या छोट्या बेटाला भारतीय माणूस सहसा पर्यटनासाठी ओळखतो. त्याच बेटाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे नाव तेथील विमानतळाला आहे, पांपलमूस येथील प्रसिद्ध वनस्पती उद्यानाला आहे आणि त्यांची छबी तेथील नाण्यांवर आहे. मॉरिशसमध्ये त्यांना राष्ट्रपिता मानले जाते. मात्र याच रामगुलाम यांच्या कारकिर्दीत मॉरिशसच्या अखत्यारीतील चागोस द्वीपसमूह तोडून ब्रिटनने स्वतःकडे ठेवला आणि त्यातील दिएगो गार्सिया या बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला. देशाला स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या नेत्यानेच देशाचा एक तुकडा दिला का, की तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला, हा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. त्याचे न्यायालयीन उत्तर मिळायला त्यांच्या मृत्यूनंतर ३३ वर्षे जावी लागली.

उसाच्या मळ्यातून लंडनला

शिवसागर रामगुलाम यांचा जन्म १८ सप्टेंबर १९०० रोजी मॉरिशसच्या फ्लाक जिल्ह्यातील बेल रिव्ह या खेड्यात झाला. वडील मोहित हे बिहारच्या भोजपूर भागातून मजूर म्हणून आले होते. १८३४ पासून सुरू झालेल्या करारबद्ध मजुरीच्या पद्धतीने साडेचार लाखांच्या आसपास भारतीयांना या बेटावर आणले होते. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर उसाच्या मळ्यांना राबणारे हात हवे होते आणि ते हात बिहारमधून, तमिळ व तेलुगू मुलखांतून आणि मुंबई बंदरातून जहाजात बसलेल्या कोकणातील गावकऱ्यांतून मिळाले. रत्नागिरी परिसरातून गेलेल्या त्या मजुरांचे वंशज मॉरिशसमध्ये आजही मराठी म्हणून ओळखले जातात. या सगळ्यांचे जीवन एकाच साच्यातले होते. जमीन आणि साखर कारखाने प्रामुख्याने फ्रेंच वंशाच्या मळेमालकांकडे, राज्य ब्रिटिशांचे आणि घाम मजुरांचा, अशी ती व्यवस्था होती.

लहानग्या शिवसागरचे वडील तो सात वर्षांचा असतानाच वारले. गावातील बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, त्याने हिंदीची मुळाक्षरे गिरवली. पुढे गोठ्यात झालेल्या अपघातात त्याचा एक डोळा निकामी झाला. तरीही शिक्षणाची वाट त्याने सोडली नाही. क्युरपीपच्या रॉयल कॉलेजात शिकून १९२१ मध्ये तो वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेला. तेथे त्याचे वास्तव्य तब्बल १४ वर्षांचे ठरले. युनिव्हर्सिटी कॉलेजात डॉक्टरी शिकत असतानाच ब्रिटिश समाजवाद्यांची फेबियन विचारसरणी त्याने आत्मसात केली. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्य चळवळीशी त्या काळात लंडनमध्ये त्याचा जवळून परिचय झाला. क्रांतीपेक्षा कायदेमंडळातून, संघर्षापेक्षा वाटाघाटीतून हक्क मिळवायचे, हा त्याच्या स्वभावाचा स्थायीभाव तेथेच घडला. त्या स्वभावाचे लाभ आणि तोटे पुढे साऱ्या देशाला अनुभवायचे होते.

मजूर पक्षाची जडणघडण

डॉ. रामगुलाम १९३५ मध्ये मायदेशी परतले आणि त्यांनी पोर्ट लुईत वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. पुढच्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १९३६ रोजी, डॉ. मॉरिस क्युरे यांनी मॉरिशसच्या मजूर पक्षाची स्थापना केली. रामगुलाम त्या संस्थापकांमध्ये नव्हते, ही गोष्ट त्यांच्याविषयी बोलताना अनेकदा विसरली जाते. पक्षाचा पाया क्युरे, एमान्युएल आंकेतिल आणि पंडित सहदेव यांच्यासारख्या रस्त्यावर उतरणाऱ्या नेत्यांनी घातला.

त्या काळात रस्त्यावर उतरणे सोपे नव्हते. ऑगस्ट १९३७ मध्ये उबा जातीच्या उसाला मिळणारा भाव कापल्याने लहान शेतकरी व मजूर संतापले. युनियन फ्लाक येथे मळ्याच्या आवारात गोळीबार होऊन माणसे दगावली. या उद्रेकामुळे सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि कामगार संघटनांना मर्यादित स्वरूपात कायदेशीर मान्यता द्यावी लागली. १९३८ मध्ये गोदी कामगारांचा संप मोडून काढताना आंकेतिल यांना रॉड्रिग्ज बेटावर हद्दपार करण्यात आले. सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्हू हरेल येथे संपावर गेलेल्या मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मृतांमध्ये अंजली कुपेन ही गरोदर स्त्री होती. मॉरिशसच्या कामगार चळवळीत तिचे नाव आजही आदराने घेतले जाते.

या सगळ्या काळात रामगुलाम यांचा मार्ग वेगळा होता. १९४० मध्ये ते पोर्ट लुईच्या नगरपालिकेत निवडून आले आणि त्याच वर्षी गव्हर्नरांनी त्यांची कायदेमंडळावर नियुक्ती केली. 'अ‍ॅडव्हान्स' या वृत्तपत्राच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. मळेमालकांच्या प्रभावाखालील सभागृहात त्यांनी मजुरांच्या वेतनाचे, आरोग्याचे आणि शाळांचे प्रश्न मांडले. त्यांच्या भाषणांत आवेशापेक्षा आकडेवारी आणि युक्तिवाद यांचे प्रमाण अधिक असे.

खरे परिवर्तन १९४८ मध्ये घडले. नव्या राज्यघटनेनुसार बेटावरील मान्य भाषांपैकी एखाद्या भाषेत लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मतदानाचा हक्क मिळाला. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७० हजारांच्या पुढे गेली. बासदेव व सुखदेव बिसुनदयाल बंधूंच्या चळवळीतील स्वयंसेवकांनी गावोगावी बैठका भरवून मजुरांना साक्षर केले. पिढ्यान्‌पिढ्या अंगठा उठवणारी माणसे मतदार यादीत आली आणि रामगुलाम प्रचंड पाठिंब्याने कायदेमंडळात पोहोचले. १९५० च्या दशकात ते मजूर पक्षात दाखल झाले. पक्षाचे लोकप्रिय नेते ग्वी रोझमाँ यांच्या १९५६ मधील निधनानंतर काही काळातच पक्षाची सूत्रे रामगुलाम यांच्याकडे आली. १९५९ च्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मताधिकार मिळाला आणि मजूर पक्ष निर्विवाद सत्ताधारी झाला. १९६१ मध्ये रामगुलाम मुख्यमंत्री आणि १९६४ मध्ये प्रीमियर झाले.

लंडनमधील दिवस

स्वातंत्र्य जवळ आले, तसे बेटावरील तणावही वाढले. फ्रेंच वंशाचे जमीनदार, मिश्रवंशीय क्रिओल मध्यमवर्ग आणि काही अल्पसंख्याक गटांना हिंदू बहुसंख्येच्या राज्याची धास्ती वाटत होती. ज्यूल केनिग आणि गाएतां द्युव्हाल यांचा पीएमएसडी हा पक्ष पूर्ण स्वातंत्र्याऐवजी ब्रिटनशी संलग्न राहण्याचा आग्रह धरत होता. अशा वेळी सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये घटनाविषयक परिषद भरली.

या परिषदेच्या पडद्याआड दुसराच व्यवहार चालू होता. सुएझच्या पूर्वेकडील आपला पसारा ब्रिटन आवरता घेत होता आणि हिंदी महासागरात अमेरिकेला तळासाठी जागा हवी होती. मॉरिशसपासून सुमारे २,२०० किलोमीटरवर असलेला चागोस द्वीपसमूह दोन्ही देशांच्या नजरेत भरला. त्यातले दिएगो गार्सिया हे प्रवाळबेट खोल पाण्याचे नैसर्गिक बंदर आणि धावपट्टीसाठी सपाट जमीन असलेले होते. मात्र ही बेटे प्रशासकीयदृष्ट्या मॉरिशसचा भाग होती. स्वतंत्र होणाऱ्या देशाच्या लहरीवर आपला तळ अवलंबून राहू नये, यासाठी ती स्वातंत्र्याआधीच तोडावीत, असे ठरले.

मॉरिशसच्या मंत्र्यांनी सुरुवातीला विरोध केला. बेटे तोडून देण्यास त्यांची तयारी नव्हती, पण तळाला त्यांचा विरोध नव्हता. बेटे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावीत, साखरेच्या निर्यातीसाठी अमेरिकेने सवलती द्याव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. तो मान्य झाला नाही. भाडेपट्टा अमेरिकेला नको होता. तिला बेटे ब्रिटनच्या थेट ताब्यात हवी होती.

२३ सप्टेंबर १९६५ रोजी सकाळी ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी रामगुलाम यांना एकट्याला भेटीला बोलावले. दोघेही आपापल्या देशाच्या मजूर पक्षाचे नेते होते. या भेटीपूर्वी विल्सन यांच्यासाठी त्यांच्या सचिवाने लिहिलेले टिपण पुढे उघड झाले. स्वातंत्र्य मिळेल ही आशा आणि बेटांबाबत समंजसपणा न दाखवल्यास ते मिळणार नाही ही भीती, या दोन्हींचा वापर करावा, असा त्याचा आशय होता. भेटीत विल्सन यांनी रामगुलाम यांना ते स्वातंत्र्य घेऊन मायदेशी परतू शकतात किंवा त्याविना, हे सूचित केले. बेटे रामगुलाम यांच्या संमतीशिवायही राणीच्या आदेशाने तोडता येतील, हेही त्यांनी लपवले नाही. त्याच दिवशी दुपारी लँकेस्टर हाउसमध्ये वसाहतमंत्री अँथनी ग्रीनवुड यांच्या बैठकीत रामगुलाम यांनी तत्त्वतः होकार दिला. दुसऱ्या दिवशी परिषदेच्या समारोपात मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याचा मार्ग खुला झाल्याचे जाहीर करण्यात आले.

मोबदला ठरला ३० लाख पौंडांचा. बेटांची संरक्षणासाठी गरज संपली की ती मॉरिशसला परत करायची आणि मासेमारी व खनिजांचे हक्क राखायचे, अशी आश्वासनेही देण्यात आली. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनने चागोससह काही बेटांची नवी वसाहत निर्माण केली. पीएमएसडीचे मंत्री सरकारमधून बाहेर पडले, पण त्यांचा राग तोडणीवर कमी आणि पदरात पडलेल्या अल्प मोबदल्यावर अधिक होता. वसाहतींची प्रादेशिक एकता मोडू नये, असा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव १६ डिसेंबर १९६५ रोजी झाला. तोवर उशीर झाला होता. अमेरिकेने या व्यवहारात ब्रिटनला पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या संशोधन खर्चातून १ कोटी ४० लाख डॉलरची सूट दिली होती. ती बाब प्रदीर्घ काळ गुप्त राहिली. मॉरिशसच्या वाट्याला आलेली रक्कम त्या तुलनेत किती तोकडी होती, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

ज्यांना कोणी विचारले नाही

या सौद्यात सर्वांत मोठी किंमत मोजली ती चागोसच्या रहिवाशांनी. सुमारे दीड ते दोन हजार लोकांची ती वस्ती होती. आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे आणि पुढे आलेल्या भारतीय मजुरांचे ते वंशज होते. नारळाच्या मळ्यात राबून खोबरे काढणे हा त्यांचा व्यवसाय होता. मॉरिशसचा मजूर पक्ष उसाच्या मळ्यातील कामगारांच्या हक्कांसाठी जन्मला होता. चागोसचे लोकही मळ्यातील कामगारच होते. पण लँकेस्टर हाउसमधील बैठकीत त्यांच्या वतीने बोलणारा एकही प्रतिनिधी नव्हता. त्यांना मताचा अधिकार नव्हता, संघटना नव्हती आणि आपल्या भवितव्याचा निर्णय होतो आहे, याची कल्पनाही नव्हती.

१९६८ पासून औषधोपचारांसाठी वा नातलगांना भेटण्यासाठी मॉरिशसला आलेल्या चागोसवासीयांना परतीचे जहाज मिळेनासे झाले. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामे करण्यात आले आणि पाळलेली कुत्री मारून टाकण्यात आली. १९७३ पर्यंत बाकीची बेटेही ओस पडली. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत त्यांना आसरा मिळाला तो बेकारीने ग्रासलेल्या काळात. त्यांच्या पुनर्वसनासाठी ब्रिटनने १९७२ मध्ये मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड दिले. ही रक्कम प्रत्यक्ष लोकांच्या हाती पडायला १९७७-७८ उजाडले. तोवर महागाईने तिचे मोल घटले होते. हा विलंब ब्रिटनच्या नव्हे, तर रामगुलाम यांच्या सरकारच्या खाती जमा होतो आणि त्यांच्या चाहत्यांनाही तो नाकारता येत नाही.

स्वातंत्र्य आणि सत्ता

ऑगस्ट १९६७ ची निवडणूक प्रत्यक्षात स्वातंत्र्यावरील सार्वमतच होती. मजूर पक्ष, बिसुनदयाल यांचा इंडिपेंडंट फॉरवर्ड ब्लॉक आणि अब्दुल रझाक मोहम्मद यांचा मुस्लिम पक्ष यांच्या आघाडीने ६२ पैकी ३९ जागा जिंकल्या. तरीही ४४ टक्के मतदारांनी विरोधात मत दिले होते. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत जातीय दंगली उसळल्या आणि त्या शमवण्यासाठी ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. अशा वातावरणात १२ मार्च १९६८ रोजी शाँ द मार्सच्या मैदानावर नवा ध्वज फडकला. गांधीजींच्या दांडीयात्रेची आठवण म्हणून रामगुलाम यांनी ही तारीख निवडली होती.

नव्या देशाची स्थिती कठीण होती. निर्यातीत साखरेचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि अर्थतज्ज्ञ या बेटाच्या भवितव्याविषयी निराश होते. रामगुलाम यांनी १९६९ मध्ये जुना विरोधक असलेल्या पीएमएसडीशी हातमिळवणी केली, १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा आणला आणि युरोपीय बाजारात साखरेला हमीभाव मिळवून दिला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. मजुराच्या मुलाला शाळेत आणि तेथून कचेरीत पोहोचवणारा हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ मानला जातो. १९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार पुरस्कार त्यांना मिळाला.

पण ज्या कामगारांच्या बळावर ते सत्तेवर आले, त्यांच्याशीच त्यांचा संघर्ष पेटला. १९६९ मध्ये पॉल बेराँजे आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी एमएमएम हा पक्ष स्थापन केला. सप्टेंबर १९७० मध्ये रामगुलाम यांच्याच मतदारसंघातील पोटनिवडणूक या पक्षाने जिंकली. १९७१ मध्ये गोदी आणि वाहतूक कामगारांच्या संपांनी बेट ठप्प झाले. डिसेंबरमध्ये सरकारने आणीबाणी जाहीर केली, एमएमएमच्या नेत्यांना तुरुंगात टाकले आणि १९७२ मध्ये अपेक्षित असलेली निवडणूक १९७६ पर्यंत लांबवली. १९३८ मध्ये वसाहती सरकारने गोदी कामगारांच्या नेत्याला हद्दपार केले होते. तीन दशकांनी त्याच नेत्याच्या पक्षाचे सरकार गोदी कामगारांच्या पुढाऱ्यांना कोठडीत पाठवत होते. मजूर पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांना हे जिव्हारी लागले.

१९७६ च्या निवडणुकीत एमएमएम ३४ जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरला. २८ जागा मिळालेल्या रामगुलाम यांनी पीएमएसडीच्या आठ जागांच्या आधारे सत्ता राखली. ब्रिटिश नौदलाचे व्हाक्वा येथील संपर्क केंद्र त्याच वर्षी बंद झाले. बेटावरचे परकी लष्कर गेले, पण दिएगो गार्सियावरचे वाढतच होते. चागोसच्या विस्थापित स्त्रियांनी पोर्ट लुईत उपोषणे आणि निदर्शने सुरू केली आणि विरोधकांनी हा प्रश्न उचलून धरला. १९८० मध्ये रामगुलाम यांनीही आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या व्यासपीठावर आणि लंडनमध्ये मार्गारेट थॅचर यांच्या भेटीत दिएगो गार्सिया परत करण्याचा विषय काढला. दीड दशकाच्या सावध भूमिकेनंतर आलेली ही मागणी अनेकांना उशिराची वाटली.

पराभव आणि साक्ष

जून १९८२ मध्ये मॉरिशसच्या मतदारांनी अभूतपूर्व कौल दिला. एमएमएम व तिच्या मित्रपक्षाने मॉरिशस बेटावरील सर्व ६० जागा जिंकल्या. ८१ वर्षांचे रामगुलाम स्वतः पराभूत झाले. त्यांनी निकाल निमूटपणे स्वीकारला आणि सत्तांतर शांततेत पार पडले. वसाहतवादातून मुक्त झालेल्या त्या काळातील अनेक देशांत अशी गोष्ट दुर्मिळ होती.

नव्या सरकारने चागोसच्या तोडणीची चौकशी करण्यासाठी संसदेची समिती नेमली. रामगुलाम यांनी तिच्यापुढे साक्ष दिली. त्या वेळी आपल्या गळ्याभोवती फास होता आणि नकार दिला असता तर तो आवळला गेला असता, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. समितीने ब्रिटनच्या वर्तनाला दमदाटी ठरवले, पण मॉरिशसच्या तत्कालीन नेत्यांनाही मोकळे सोडले नाही. पुढे सत्ताधारी आघाडी फुटली, अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या नव्या पक्षाशी मजूर पक्षाने युती केली आणि रामगुलाम गव्हर्नर जनरल झाले. त्याच पदावर असताना १५ डिसेंबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाले.

इतिहासाचा निवाडा

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपले सल्लागार मत दिले. चागोसची तोडणी जनतेच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेवर आधारलेली नव्हती, त्यामुळे मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झालेच नाही, असे त्याने म्हटले. ज्या सत्तेच्या अधीन आपण आहोत, तिच्याशी केलेला करार हा दोन देशांमधील करार मानता येत नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. १९६५ च्या त्या होकारावरील ओझे या मताने बऱ्याच अंशी हलके झाले. भारताने या प्रकरणात मॉरिशसची बाजू घेतली होती. मे २०१९ मध्ये आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी या मताला पाठिंबा दिला.

पुढे २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करार झाला. चागोसवर मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करायचे आणि दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे राहू द्यायचा, असे त्याचे स्वरूप आहे. मॉरिशसच्या वतीने त्यावर सही केली ती तत्कालीन पंतप्रधान नवीन रामगुलाम यांनी, म्हणजे शिवसागर यांच्या चिरंजीवांनी. साठ वर्षांपूर्वी वडिलांनी मागितलेला आणि ब्रिटनने धुडकावलेला प्रस्ताव नेमका हाच होता.

रामगुलाम यांचे मोठेपण या करारामुळे वाढते, असे म्हणणाऱ्यांना त्यांच्या दूरदृष्टीचा दाखला मिळतो. परंतु या साठ वर्षांत चागोसच्या दोन पिढ्या परक्या भूमीवर वारल्या आणि २०२५ च्या वाटाघाटींतही आपले म्हणणे कोणी विचारले नाही, अशी तक्रार अनेक चागोसवासीयांनी केली. उसाच्या मळ्यातील मजुराच्या मुलाने आपल्या माणसांना मतदार, नागरिक आणि सत्ताधारी केले, हे त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. नारळाच्या मळ्यातील मजुरांपर्यंत मात्र ते पोहोचले नाही. राष्ट्रपित्याचे मोजमाप करताना मॉरिशसला या दोन्ही मळ्यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.